‘थँक यू प्रभू’ तोंडातून निघतच नाही, काय करू? – वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज वाचायला बसले तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावर, की घरात एवढं सगळं चाललेलं असताना देवाचे आभार कसे मानायचे. त्यातही बरेच आपल्या ठाणे-नवी मुंबईतलेच. म्हणून लग्नाचे आणि मुलांच्या शिक्षणाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, ज्यांनी ते पाठवलेत त्यांनी रागावू नका. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

ऐरोलीहून एक भगिनी लिहितात:

ताई, ख्रिस्तात सलाम. माझे मिस्टर रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर होते, दिवाळीनंतर कंपनीने माणसं कमी केली त्यात त्यांचं नाव आलं. सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे आठवड्यातून दोनदा, घराचा ईएमआय आहे, मुलगी दहावीला. आमच्याकडे बुधवारी कॉटेज प्रेयर, म्हणजे घरी जमून प्रार्थना असते, त्यात सगळ्यांनी एकेक करून साक्ष द्यायची असते, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मागच्या वेळी एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, नोकरी गेली म्हणून देवाचे आभार मान, इफिसकरांस पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ आभार माना असंच लिहिलंय, तू मानत नाहीस म्हणून तुमचा आशीर्वाद अडलाय. मी उभी राहिले, म्हटलं पण, आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मनात राग आणि तोंडात स्तुती, हे देवासमोर खोटं बोलणं झालं का? माझा विश्वास कमी पडतोय का? तसं देव काहीच देत नाही असं नाही, डायलिसिस सेंटरवरचा टेक्निशियन मुलगा इतका चांगला आहे, सुई लावायच्या आधी दर वेळी सासूबाईंना विचारतो, आजी आज कोणता हात कमी दुखतोय, मग तोच हात घेतो. पण नोकरीबद्दल आभार नाही मानवत.

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे आज रात्री तरी शांत झोपाल. नाही, तुमचा विश्वास कमी नाहीये. डायलिसिसच्या फेऱ्या, दहावीचं वर्ष आणि बँकेचे फोन हे सगळं सांभाळून जी बाई बुधवारची प्रार्थना चुकवत नाही तिच्या विश्वासाकडे कुणी बोट दाखवू नये, आणि भरल्या सभेत तर नाहीच नाही.

आता मावशींनी सांगितलेलं वचन. ते खरंच आहे, इफिस ५:२०, आणि त्याच्या जोडीला १ थेस्सलनी ५:१८ आहे, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’, म्हणजे आभार माना. पण ज्या पौलाने हे लिहिलं तो स्वतः कसा वागला ते पण बघायला पाहिजे ना. त्याच्या शरीरात एक काटा होता, काय दुखणं होतं ते त्याने सांगितलेलं नाही, पण तो काटा जावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं हे २ करिंथ १२ मध्ये त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. काट्याबद्दलच आभार मानायचे असते तर काढून टाक असं तीन-तीनदा कशाला म्हणाला असता? आणि काटा गेला नाही, ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे आभार कमी पडले म्हणून आशीर्वाद अडला हा हिशोब पौलालाच लागू होत नाही, तर तो तुमच्या मिस्टरांच्या नोकरीला कुठून लागू होणार.

अजून एक सांगते, हे मला स्वतःला फार जवळचं वाटतं. फिलिप्पैकरांस पत्र म्हटलं की आपण लगेच म्हणतो आनंदाचं पत्र, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, आणि ते पौलाने बेड्यांत असताना लिहिलंय. सगळं खरं. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याच्या सोबत्याची, एपफ्रदीतची हकिकत आहे, तो इतका आजारी पडला की मरणाच्या दारात होता, आणि पौल काय म्हणतो, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला ‘दुःखावर दुःख’ झालं असतं. बघा, आनंद करा म्हणणारा माणूस सरळ सांगतोय की मित्र गेला असता तर मी मोडलो असतो. त्याने असं नाही लिहिलं की गेला असता तरी हालेलुया म्हणून मी पुढे चाललो असतो. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हा अर्धा भाग वाचलाच जात नाही आणि मग तुमच्यासारख्या बायका नळ सोडून रडतात.

आणि ईयोब, ज्याची मुलं, मालमत्ता सगळं गेलं तो. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ हे पहिल्या अध्यायातलं वाक्य प्रत्येक प्रेतक्रियेला ऐकू येतं, पण तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे कितीतरी अध्याय देवाशी वाद घालतो. आणि शेवटी देव रागावतो कुणावर? त्याचं सांत्वन करायला आलेल्या मित्रांवर, ज्यांच्याकडे प्रत्येक दुःखाचं कारण तयार होतं. ४२व्या अध्यायात देव म्हणतो की ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. त्या मित्रांनी चांगली गोष्ट एकच केली होती, सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. मावशी हे वाचत असतील तर त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तुमचं मन चांगलं असेल, पण पुढच्या बुधवारी त्या बाईला उभं करू नका, तिच्याजवळ बसा, आणि जमलं तर सासूबाईंबरोबर एका डायलिसिसला जा म्हणजे तिला एक सकाळ मोकळी मिळेल.

तुम्ही खोटं बोललात का म्हणाल तर तुम्हाला बोलायला लावलं, देवाला तेवढं कळतं. पण यापुढे असं म्हणू नका. घरी दार लावून आधी जे खरं आहे ते बोला, प्रभू मला राग आलाय, माझ्या माणसाने एवढी वर्षं राबून काय मिळालं, मला भीती वाटते. स्तोत्रसंहिता उघडलीत तर असली गाऱ्हाणी पानापानावर आहेत. १३वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे, सुरुवात होते कोठवर, परमेश्वरा कोठवर, तू मला कायमचा विसरलास का, आणि शेवट होतो गाण्याने. देवाला दोन्ही चालतं, आणि बहुतेक वेळा याच क्रमाने चालतं. हबक्कूक संदेष्ट्याचं अंजिराचं झाड न फुललं तरी मी उल्लास करीन हे आपण कॅलेंडरवर छापतो, पण त्याच्या पुस्तकाची सुरुवात मी किती ओरडू आणि तू ऐकत नाहीस अशीच आहे, तीनच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतील.

आणि आभाराचं म्हणाल तर ताई, ते तुम्ही मानून झालात. तो टेक्निशियन मुलगा. आजी आज कोणता हात कमी दुखतोय. हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं, एवढ्या रडण्याच्या पत्रात ते आपोआप आलं. यालाच उपकारस्तुती म्हणतात, नोकरी गेली ते वाईटच झालं आणि त्याच आठवड्यात एका पोराच्या हाताने देवाने सासूबाईंचा हात अलगद धरला, दोन्ही खरं. बुधवारी साक्ष द्यायचीच असेल तर ही द्या, आणि नोकरीसाठी प्रार्थना करा असं सरळ सांगा, त्यात लाज कसली.

थोडं व्यवहाराचं पण. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. आणि आपल्या राज्यात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला लागतो, तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. हे मागणं म्हणजे अविश्वास नाही. रोजची भाकर आज आम्हाला दे असं प्रभूनेच मागायला शिकवलंय.

ठाण्यातल्या चरईतून एक गृहस्थ:

पत्नीला जाऊन आता वर्ष होत आलं, कॅन्सर होता. मी लहानपणापासून चर्चमध्ये, बरीच वर्षं क्वायरमध्ये होतो. आता रविवारी जातो पण गाणं म्हणवत नाही, धन्यवादाची प्रार्थना आली की घसा बंद होतो. लोक म्हणतात देवाची योजना होती, ती चांगल्या ठिकाणी आहे, आभार माना. मला काहीच वाटत नाही, राग सुद्धा नाही. असं कोरडं बसून चर्चला जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर: आहे, जात राहा. गायलं नाही तरी चालेल, नुसतं बसा.

प्रभू येशू त्याचा मित्र लाजार मेल्यावर त्याच्या कबरेपाशी गेला तेव्हा काय झालं ते योहान ११ मध्ये बघा. मी त्याला उठवणार हे त्याला माहीत होतं, शिष्यांना तसं सांगून निघाला होता, आणि तरी लाजाराची बहीण मरिया रडताना दिसली तेव्हा तो रडला. ‘येशू रडला’, एवढंच वचन आहे ते. आणि त्याच अध्यायात थोडं पुढे, धोंड बाजूला केल्यावर, तो वर बघून म्हणतो, बापा तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. रडणं आधी आणि आभार नंतर, एकाच कबरेपुढे, एकाच तोंडून. ज्याला पुढचं सगळं ठाऊक होतं तोही रडण्याची पायरी गाळून आभारावर गेला नाही, मग काका तुम्हाला वर्षाच्या आत हसऱ्या चेहऱ्याने उभं राहा असं सांगणारे कोण.

तुम्ही म्हणता राग पण येत नाही. त्यासाठी स्तोत्र ८८ वाचा. सगळ्या स्तोत्रांमध्ये हे सगळ्यात काळोखाचं, बाकीची गाऱ्हाण्याची स्तोत्रं बहुतेक शेवटी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. आभार नाही, आशेची ओळ नाही. तरी पवित्र शास्त्रात ते ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही, आणि ते म्हणणारा माणूस अंधारात का होईना पण देवाशीच बोलतोय. तुमचं रविवारी बाकावर येऊन बसणं तसंच आहे असं मला मनापासून वाटतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आपण शाळेत दोन ओळींत शिकतो, समाजसुधारक, केडगावचं मुक्ती मिशन, मराठी बायबलचं भाषांतर. पण त्या बाईने किती माणसं गमावली ते एकदा ओळीने लावून बघा. १८७४च्या दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण, काही महिन्यांच्या आत. १८८०मध्ये भाऊ, ज्याच्याबरोबर ती देशभर पायी फिरली होती. १८८२मध्ये नवरा, कॉलऱ्याने, पदरात मनोरमा तान्ही. आणि म्हातारपणी, १९२१मध्ये, तीच मनोरमा, एकुलती एक, आईचा सगळा कारभार सांभाळणारी. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. मधल्या काळात १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो विधवा, अनाथ मुली घेऊन आल्या, उपाशी मुली, जशा त्या स्वतः एकदा उपाशी फिरल्या होत्या. त्यांच्या आई-वडिलांचं भुकेने जाणं ही चांगली गोष्ट होती असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण भूक म्हणजे काय हे ज्या बाईला माहीत होतं तिलाच त्या मुली दिसल्या, आणि त्यांच्यासाठी ती उठली. मला वाटतं तिचा धन्यवाद केडगावला असा दिसतो, शब्दांत असेल नसेल.

तुम्हाला आज काही उभं करा असं सांगत नाहीये. एकच सुचवते, प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी, चुकवू नका. ज्या रात्री त्याला धरून दिलं त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली, १ करिंथ ११. पुढे काय होणार माहीत असताना केलेली ती उपकारस्तुती आहे, आणि थोड्याच वेळाने गेथशेमानेत तो हा प्याला टळू दे म्हणून घाम गाळत होता. तुमच्याकडे या वर्षी स्वतःचे आभार नाहीत तर त्याच्या आभारात हात पुढे करा, घास घ्या, परत येऊन बसा. बाकी मंडळी तुमच्या वाटचं गातील, तुम्ही एवढी वर्षं कितीतरी जणांच्या वाटचं गायलात की.

घणसोलीहून एक तरुण:

मी डिलिव्हरीचं काम करतो. पावसाळ्यात बाईक स्लिप होऊन पाय मोडला, दोन महिने घरी, कमाई शून्य. शेजारच्या काकू, माळकरी आहेत, त्यांनी रोज डबा दिला, त्यांच्या मुलाने ठाण्याला हॉस्पिटलला नेलं-आणलं. बरा झाल्यावर मी चर्चमध्ये साक्ष दिली त्यात काकूंचं नाव घेतलं तर नंतर एका काकांनी सुनावलं की महिमा फक्त देवाला द्यायचा, माणसांचं कौतुक करायचं नाही आणि विश्वासात नसलेल्यांचं तर नाहीच. माझं चुकलं का?

उत्तर: अजिबात नाही चुकलं, उलट त्या साक्षीत काकूंचं नाव नसतं तर ती अर्धीच झाली असती.

रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय म्हणजे नुसती नावांची रांग आहे, आपण तो वाचायचा कंटाळा करतो, पण त्यात प्रिस्का आणि अक्विला यांच्याबद्दल पौल म्हणतो की यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली, मी त्यांचे आभार मानतो. सरळ माणसांचे आभार, पत्रात, नावानिशी. आणि विश्वासात नसलेल्यांचं म्हणाल तर प्रेषितांची कृत्ये २८ काढून तुमच्या काकांना दाखव. जहाज फुटून पौल आणि बाकीचे भिजून मिलिता बेटावर लागले, पाऊस चालू, थंडी, तिथले लोक ख्रिस्ती नव्हते, त्यांनी शेकोटी पेटवून या सगळ्यांना जवळ घेतलं. लूकने ते कौतुकाने लिहून ठेवलंय, असामान्य माया दाखवली म्हणून. ते वाचताना मला कुणी असं म्हणताना दिसत नाही की शेकोटीचा महिमा कमी करा.

देव डबा पाठवतो तो कुणाच्या तरी कुकरमधून येतो. काकूंच्या घरी दोन शिट्ट्या जास्त झाल्या, त्यांची भाजी वाढली, त्यांच्या मुलाने कामावर खाडे केले, हे सगळं गिळून फक्त ‘प्रभूने सांभाळलं’ म्हणणं म्हणजे प्रभूने ज्यांना वापरलं त्यांना पुसून टाकणं. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले त्यातला परत येऊन पाया पडणारा एकच होता आणि तो शोमरोनी, म्हणजे ज्याला यहुदी लोक आपल्यात धरत नव्हते तो. प्रभूने हे मुद्दाम बोलून दाखवलं.

आता एक काम कर, चर्चमध्ये आभार मानलेस तसे काकूंच्या घरी जाऊन पण मान, मुलालाही सांग. आषाढीला त्या वारीला जात असतील तर घराची चावी ठेवून घे, कुंड्यांना पाणी घाल, स्टेशनला बॅग नेऊन दे. त्यांना तुझा देव कोणता हे समजावत बसायची घाई करू नकोस, त्या डब्याच्या बदल्यात तर मुळीच नको.

कोपरीतून एक आजी (नातीने लिहून पाठवलंय):

आमच्या मराठी मंडळीत हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला, वस्तूंचा लिलाव असतो. दर वर्षी मी लुगडं नाहीतर तांदळाची गोण द्यायचे आणि बोलीही लावायचे. यंदा मुलाचा धंदा बसला, देण्यासारखं काही नाही. सगळ्यांना सवय आहे, विचारतील. सणाला जाऊच नये असं वाटतं.

उत्तर: आजी, जा. नक्की जा. सण उपकारस्तुतीचा आहे, बोलीचा नाही, लिलाव नंतर जोडला गेला. २ करिंथ ८:१२ मध्ये स्पष्ट आहे की माणसाजवळ जे असेल त्यावरून दान मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. मंदिरात दान टाकणाऱ्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, प्रभूने पाहिल्या, पण त्याच्या लगेच आधीच्या वचनात विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तो किती कडक बोललाय ते पण नातीकडून वाचून घ्या, मार्क १२:४०. म्हणजे तुमच्याकडून ओढून घ्यावं असं त्याच्या मनात नाही.

तुमच्या हातचं काही असेल ते न्या, चार लिंबांचं लोणचं, खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता. तेही नाही जमलं तर रिकाम्या हाताने जाऊन दुसऱ्या रांगेत नेहमीच्या जागी बसा. कुणी विचारलं की यंदा गोण नाही का, तर सांगा, यंदा मुलाच्या धंद्यासाठी प्रार्थना करा. आणि पाळक साहेबांना सणाच्या आधीच नातीकडून फोन लावून घरची परिस्थिती सांगून ठेवा, लिलावाच्या पैशातून अडचणीतल्या घरांना मदत करायची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत असते, यंदा त्या यादीत तुमचं घर बसतंय का ते त्यांनाच विचारा.